पहिल्या पगारावरून कर्जाचे मोजमाप: आरोग्यशास्त्राच्या पदवीसाठी किती कर्ज काढावे?

बारावीचा निकाल आणि आंब्याच्या विक्रीची शेवटची पट्टी कोकणात साधारण एकाच सुमारास घरात येतात. त्याच दिवसांत मुलगी बी.एस्सी. नर्सिंगला जाणार की बी.फार्मला, मुलगा फिजिओथेरपी घेणार की लॅब टेक्निशियन होणार, हे निर्णय घाईघाईने उरकले जातात. महाविद्यालयाच्या शुल्काची चौकशी होते, वसतिगृहाची होते, एसटीच्या वेळांचीही होते. परंतु चार-पाच वर्षांनी हातात येणाऱ्या पहिल्या पगारातून या शिक्षणाचा हप्ता फिटेल का, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नापासून सुरुवात करून, पगारावरून मागे मागे येत कर्जाची मर्यादा कशी ठरवावी, हे टप्प्याटप्प्याने मांडले आहे. एम.बी.बी.एस.चे गणित निराळे असल्यामुळे ते येथे घेतलेले नाही. नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञान हे रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील मध्यमवर्गीय घरांतून अधिक निवडले जाणारे मार्ग डोळ्यांसमोर ठेवले आहेत.

पहिली पायरी: पूर्ण खर्च कागदावर उतरवावा

माहितीपुस्तिकेत छापलेले वार्षिक शुल्क म्हणजे शिक्षणाचा खर्च नव्हे. महाराष्ट्रातील खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या कायद्याने स्थापन झालेले शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, आणि महाविद्यालयनिहाय मंजूर शुल्क प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. प्रवेशाआधी तो आकडा स्वतः पाहावा आणि महाविद्यालय सांगत असलेल्या रकमेशी ताडून घ्यावा. अभिमत विद्यापीठे आपले शुल्क स्वतंत्रपणे ठरवतात, त्यामुळे तेथील आकडा थेट विद्यापीठाकडून लेखी घ्यावा.

शुल्काखाली अनामत रक्कम, विद्यापीठाचे परीक्षा शुल्क, गणवेश, पुस्तके, वसतिगृह, खानावळ, रुग्णालयातील प्रात्यक्षिकांसाठी लागणारा प्रवास आणि शेवटी परिषदेकडील नोंदणी, अशी रांग मांडावी. इंटर्नशिपचे महिने विसरू नयेत. फिजिओथेरपीची पदवी इंटर्नशिपसह साडेचार ते पाच वर्षांची होते, आणि त्या काळात शुल्क थांबले तरी राहण्याजेवणाचा खर्च थांबत नाही. पावतीविना रोख मागितली जाणारी ‘देणगी’ या यादीत येऊच नये, कारण महाराष्ट्रात कॅपिटेशन शुल्क घेण्यास १९८७ च्या कायद्याने बंदी आहे आणि अशा रकमेला कोणतीही बँक कर्ज देत नाही. ती रक्कम घरातले सोने मोडून किंवा पतसंस्थेतून उचलली जाते आणि सर्वांत महाग पडते.

याच पायरीवर मान्यतेची खातरजमा करावी. नर्सिंग किंवा फिजिओथेरपीचे महाविद्यालय नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का, किंवा मान्यताप्राप्त अभिमत विद्यापीठाचा भाग आहे का, आणि नर्सिंगला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, हे पाहावे. प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, कारण तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत चालणारे अनेक ‘डी.एम.एल.टी.’ वर्ग असतात आणि त्यांच्या प्रमाणपत्रावर पुढे नोंदणी मिळेलच असे नसते. नोंदणी न मिळणाऱ्या शिक्षणासाठी घेतलेले कर्ज कितीही लहान असले तरी ते जास्तच म्हणावे लागेल.

दुसरी पायरी: सरासरी पगार सोडून पहिला पगार शोधावा

संपूर्ण गणितातील सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच आहे, आणि बहुतेक कुटुंबे तो चुकीच्या ठिकाणी शोधतात. महाविद्यालयाच्या फलकावरचे ‘सर्वोच्च पॅकेज’ एका विद्यार्थ्याचे असते. शेजारच्या वाडीतील परिचारिका सरकारी सेवेत वीस वर्षांनी किती मिळवते, हाही आपल्या उपयोगाचा आकडा नाही. आपल्याला हवा आहे तो त्याच अभ्यासक्रमातून मागच्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या सामान्य विद्यार्थ्याचा, सर्व कपाती वजा जाता हातात पडणारा, पहिल्या नोकरीचा पगार. तो मिळवण्याचा मार्ग सोपा आहे: महाविद्यालयाकडून मागील तुकडीतील निदान पाच-सहा विद्यार्थ्यांचे संपर्क मागावेत आणि त्यांच्याशी स्वतः बोलावे. असे संपर्क देण्यास जे महाविद्यालय टाळाटाळ करते, त्याच्या फलकाकडे फारसे लक्ष देण्याचे कारण नाही.

शासकीय बाजूचे आकडे जाहिरातींतून सरळ मिळतात. सातव्या वेतन आयोगानुसार राज्य शासनातील अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्सची) श्रेणी एस-१३ असून मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. औषधनिर्माण अधिकाऱ्याची श्रेणी एस-१० असून ती २९,२०० रुपयांपासून सुरू होते, आणि भत्ते त्यावर वेगळे असतात. आकडे आकर्षक आहेत, परंतु त्यांवर पहिल्या वर्षाचा हप्ता बांधणे धोक्याचे आहे. जिल्हा परिषदांची २०१९ साली जाहीर झालेली भरती रखडून अखेर रद्द झाली आणि नवी जाहिरात निघायला २०२३ उजाडले. त्या मधल्या चार वर्षांत ज्यांचे मोरॅटोरियम, म्हणजे हप्ता सुरू होण्याआधीचा सवलतीचा काळ, संपले, त्यांच्या बँकेने भरतीची वाट पाहिली नाही.

राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी पदे हा अधिक वास्तव आधार आहे. त्या जाहिरातींत परिचारिकेचे एकत्रित मानधन २०,००० रुपये आणि औषधनिर्माता व प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांचे १७,००० रुपये असे दिसत आले आहे. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला २५,००० रुपये मानधन आणि कामगिरीनुसार कमाल १५,००० रुपये मिळू शकतात; बी.एस्सी. नर्सिंग किंवा बी.ए.एम.एस. झालेल्यांना ही वाट खुली आहे. मात्र कामगिरीची रक्कम दरमहा पूर्ण मिळेलच असे गृहीत न धरता हप्त्याचा हिशेब २५,००० रुपयांवरच करावा.

खासगी क्षेत्रात चित्र फार विखुरलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला किमान २०,००० रुपये मिळावेत आणि २०० पेक्षा अधिक खाटांच्या रुग्णालयात शासकीय पगाराइतका पगार असावा, अशी शिफारस केली होती. चिपळूण, कणकवली किंवा सावंतवाडीतील लहान नर्सिंग होममध्ये प्रत्यक्ष चौकशी केली, तर या शिफारशीचे अस्तित्व बहुतेक ठिकाणी जाणवत नाही. म्हणून शिफारशीवर न विसंबता विचारून मिळालेला आकडाच लिहावा.

फार्मसीच्या बाबतीत कोकणाची भौगोलिक स्थिती उपयोगी पडते, कारण सिंधुदुर्गातून गोव्यातील औषध कारखाने जवळ आहेत. गोव्यातील शासकीय नोकऱ्यांसाठी मात्र तेथील १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, हे सीमेवरच्या बांद्याच्या अलीकडे राहणाऱ्या मुलांनी लक्षात ठेवावे. स्वतःचे औषध दुकान काढायचे एवढाच हेतू असेल, तर नोंदणीकृत फार्मासिस्ट होण्यासाठी दोन वर्षांचा डी.फार्म (आणि लागू असल्यास त्यानंतरची एक्झिट परीक्षा) पुरतो, आणि चार वर्षांच्या पदवीसाठी कर्ज काढण्यापेक्षा त्या दुकानाच्या भांडवलाची तजवीज केलेली बरी. काही घरांत ‘सर्टिफिकेट लावून महिन्याला काही येतील’ असाही हिशेब मांडला जातो. प्रमाणपत्र दुसऱ्याच्या दुकानात लावून स्वतः तेथे हजर न राहणे बेकायदा आहे आणि त्यात नोंदणीच रद्द होऊ शकते, तेव्हा ते उत्पन्न कागदावर धरू नये.

पगार कळला की तो कोणत्या गावात मिळणार आहे, हे त्याच्या शेजारी लिहावे. समजा, पनवेलच्या रुग्णालयात २४,००० रुपये मिळतात, पण वाटून घेतलेली खोली, डबा आणि प्रवास यांत ११,००० जातात. तर हातात १३,००० उरतात. चिपळुणात १५,००० रुपयांची नोकरी असून मुलगी घरूनच जाऊन-येऊन करते आणि तिचा खर्च ४,००० आहे, तर ११,००० उरतात. नऊ हजारांचा वाटणारा फरक प्रत्यक्षात दोन हजारांचा निघतो. मोठ्या रुग्णालयातील अनुभवाला पुढच्या नोकरीत किंमत असते, हे मान्य करूनही हप्त्याची तुलना या उरणाऱ्या रकमेशीच केली पाहिजे. आखातातील किंवा युरोपातील पगार तर पहिल्या गणितात घेऊच नये, कारण तिकडे जाण्याआधी बहुधा इथला अनुभव, परवाना परीक्षा आणि भाषा यांत काही वर्षे जातात, आणि त्या वर्षांत हप्ते इथल्याच पगारातून भरावे लागतात.

तिसरी पायरी: कर्ज किती फुगते ते पाहावे

शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणतः अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होतो. या सवलतीच्या काळाला बँकेत मोरॅटोरियम म्हणतात. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. प्रत्येक वर्षी उचललेल्या रकमेवर सरळव्याज चढत राहते आणि शेवटी मुद्दलात मिळवले जाते.

उदाहरण घेऊ. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगसाठी दरवर्षाच्या आरंभी १,२५,००० रुपये, म्हणजे एकूण ५ लाख रुपये, १० टक्के दराने उचलले. पहिल्या रकमेवर पाच वर्षांचे, दुसरीवर चार, तिसरीवर तीन आणि चौथीवर दोन वर्षांचे व्याज धरले, तर ते १,७५,००० रुपये होते. हप्ता सुरू होताना कर्ज ६,७५,००० रुपये असते. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ८,९२० रुपये द्यावे लागतात आणि एकूण सुमारे १० लाख ७० हजार रुपये जातात. मुदत पंधरा वर्षे केली, तर हप्ता सुमारे ७,२५० रुपयांवर येतो, पण एकूण भरणा १३ लाखांच्या पुढे जातो. मुदत वाढवून मिळणारा दिलासा महिन्याला साधारण १,६७० रुपयांचा आणि त्याची किंमत सव्वादोन लाखांहून अधिक, असा तो व्यवहार आहे.

इतर रकमांसाठी एक आकडा पाठ ठेवणे सोयीचे पडते: १० टक्के दराने दहा वर्षांच्या मुदतीत प्रत्येक लाखाला सुमारे १,३२२ रुपये हप्ता येतो आणि ११ टक्क्यांना सुमारे १,३७८ रुपये. दर बहुधा बदलता असतो, म्हणून हिशेब एक टक्का वरच्या दराने करून पाहावा.

चौथी पायरी: पगारावरून मागे यावे

माझ्या मते, कुटुंबाच्या मदतीशिवाय एकट्याने पेलायचा हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक असू नये. हा काही बँकेचा नियम नव्हे. बँका याहून बरेच अधिक प्रमाण मान्य करतात. पण पहिल्या वर्षांत रात्रपाळ्या, बदलती गावे आणि घरी पाठवायचे पैसे सांभाळणाऱ्या तरुण परिचारिकेला चौथ्या हिश्शाहून जड हप्ता पहिल्या आजारपणातच थकवावा लागतो.

हातात १८,००० रुपये येणार असतील, तर हप्त्याची मर्यादा ४,५०० रुपये. त्याला १,३२२ ने भागले की मोरॅटोरियम संपतानाचे सोसवणारे कर्ज सुमारे ३ लाख ४० हजार रुपये निघते. वरच्या उदाहरणात व्याजामुळे कर्ज ३५ टक्क्यांनी वाढले होते, म्हणून प्रत्यक्षात उचलता येणारी रक्कम सुमारे अडीच लाख रुपये ठरते. शिकत असताना घरातून व्याज भरता आले, तर ३ लाख ४० हजारांपर्यंत जाता येईल. त्याच पगारावर ५ लाख उचलले, तर जवळजवळ निम्मा पगार हप्त्यात जातो.

हेच गणित खासगी महाविद्यालयातील फिजिओथेरपीला लावले की अडचण स्पष्ट दिसते. चार वर्षे दरसाल २ लाख रुपये उचलले आणि इंटर्नशिप व त्यापुढील वर्ष धरले, तर ८ लाखांवर ३,२०,००० रुपये व्याज चढते आणि ११,२०,००० रुपयांवर दहा वर्षांचा हप्ता सुमारे १४,८०० रुपये येतो. नव्या फिजिओथेरपिस्टच्या पगारातून एवढा हप्ता निघणे कठीण, आणि चांगल्या पगारासाठी पुढची दोन वर्षांची एम.पी.टी. ही पदव्युत्तर पदवी करावी लागली, तर कर्ज आणखी वाढते. कोकणात मुले मुंबईला आणि आईवडील गावी अशी घरे असल्यामुळे घरोघरी जाऊन उपचार देणाऱ्या फिजिओथेरपिस्टला काम आहे, हे खरे. परंतु तो जम बसायला वेळ लागतो. ज्या घरात कर्जाचा निदान निम्मा भार पालक उचलू शकतात, त्यांनीच ही वाट कर्जावर धरावी असे मला वाटते.

नर्सिंगमध्ये तीन वर्षांच्या जी.एन.एम. या पदविकेशी तुलना अवश्य करावी. खासगी रुग्णालयात जी.एन.एम. आणि बी.एस्सी. यांच्या पहिल्या पगारात अनेकदा फारसा फरक नसतो, आणि नोकरी करता करता पैसे साठवून पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. समुदाय आरोग्य अधिकारी व्हायचे असेल, अध्यापनाकडे वळायचे असेल किंवा परदेशाचा निश्चित विचार असेल, तर मात्र चार वर्षांची पदवी तिची जादा किंमत वसूल करून देते.

पाचवी पायरी: कर्जाआधी शुल्कच कमी करावे

महाराष्ट्र शासनाच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील ज्या मुलींचे कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेश आणि खासगी अभिमत विद्यापीठे यातून वगळलेली आहेत. जवळचे महाविद्यालय मिळावे म्हणून व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेणाऱ्या मुलीचे कुटुंब या एका निर्णयाने काही लाख रुपये गमावते. दोन तालुके पलीकडचे महाविद्यालय वसतिगृहासह बहुधा स्वस्त पडते.

अनुसूचित जाती-जमातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता यांचे अर्ज शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर होतात. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास यांची कामे तहसीलमधून आणि जात वैधतेचे काम जिल्हा जात पडताळणी समितीकडून निकालाच्या आधीच उरकावे, कारण जूनमध्ये तेथील रांगा लांबतात.

सहावी पायरी: बँकेत जाताना

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ४ लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागू नये. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला पतहमी योजनेचे संरक्षण मिळू शकते. त्यापुढे मात्र तारणाचा प्रश्न येतो, आणि तेथेच कोकणातील घरे अडकतात. सातबारावर आजोबांच्या नावाखाली वारसांची रांग, त्यांतले निम्मे मुंबईत, एखादे चुलते हयात नाहीत आणि त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही, अशा सामाईक जमिनीवर बँक कर्ज देत नाही. शिवाय शेतजमिनीवर सरफेसी कायद्याखाली (बँकेला तारण मालमत्ता जप्त करू देणारा कायदा) कारवाई करता येत नसल्याने बँका हापूसच्या बागेपेक्षा शहरातील सदनिका किंवा बिगरशेती जागा पसंत करतात. वाटणीपत्र आणि वारस नोंदी यांना अनेक महिने लागतात, तेव्हा साडेसात लाखांच्या आत राहणे हे केवळ हप्त्याच्याच नव्हे, तर वेळेच्या दृष्टीनेही सोयीचे ठरते.

कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर केंद्राच्या व्याज अनुदानाखाली मोरॅटोरियमच्या काळातील व्याज शासन भरते. वरच्या नर्सिंगच्या उदाहरणात याचा अर्थ १,७५,००० रुपयांची बचत आणि ८,९२० ऐवजी सुमारे ६,६१० रुपये हप्ता. त्यासाठी कर्ज योजनेत बसणाऱ्या बँकेकडून आणि पात्र संस्थेतील अभ्यासक्रमासाठी असावे लागते. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे, पण ती निवडक उच्च मानांकित संस्थांपुरती आहे. आपले महाविद्यालय यादीत आहे का हे आधी पाहावे. पतसंस्थेचे कर्ज ओळखीमुळे दोन दिवसांत मिळते खरे, पण त्याचा हप्ता लगेच सुरू होतो आणि त्याला ही अनुदाने लागू होत नाहीत.

शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर मिळणाऱ्या प्राप्तिकर सवलतीचा बराच गाजावाजा होतो. ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, आणि महिन्याला वीस हजार मिळवणाऱ्याला मुळात कर लागत नाही. तिच्या भरवशावर कर्जाची रक्कम वाढवू नये.

सातवी पायरी: शिकताना आणि शिकल्यानंतर

शिकत असतानाच व्याज भरणे हा सर्वांत फायदेशीर निर्णय आहे. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी ते महिन्याला सुमारे १,०४० रुपये, दुसऱ्या वर्षी २,०८० आणि चौथ्या वर्षी ४,१७० रुपये होते. असे व्याज नियमित भरणाऱ्यांना अनेक बँका दरात एक टक्का सवलत देतात. आंबा-काजूवर चालणाऱ्या घरात दरमहा भरणे जमत नाही. अशांनी हंगामाची पट्टी आली की वर्षाचे व्याज एकदम कर्जखात्यात जमा करावे. मच्छीमार कुटुंबांनी १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळाआधी तशी तजवीज करावी.

एक गोष्ट घरात मोकळेपणाने बोलून ठरवावी. मुलीचे लग्न झाल्यावर हप्ता कोण भरणार? कर्ज तिच्या नावावर आणि सहकर्जदार वडील असतात. ती नोकरी सोडून दुसऱ्या गावी गेली, तर नोटीस वडिलांच्या पत्त्यावर येते. स्थळ पाहताना हा आकडा सांगायला संकोच वाटतो, परंतु लग्नानंतर तो कळण्यापेक्षा आधी सांगितलेला बरा.

नोकरी मिळण्यास उशीर झाला, तर हप्ता थकण्याआधीच शाखेत लेखी अर्ज करून मुदतवाढ किंवा पुनर्रचना मागावी. नव्वद दिवस थकबाकी राहिली की खाते अनुत्पादक ठरते, विद्यार्थ्याबरोबर सहकर्जदाराचीही पत घसरते आणि मग धाकट्या भावंडाच्या कर्जालाही अडथळा येतो. कर्ज फिटल्यावर बँकेकडून येणे नसल्याचा दाखला आणि मूळ कागदपत्रे मागून घ्यावीत. घर किंवा जमीन तारण दिली असेल, तर तो दाखला तलाठी कार्यालयात किंवा नगर भूमापन कार्यालयात जोडून इतर हक्कांतील बोजा कमी करण्याचा अर्ज त्याच महिन्यात द्यावा आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून पाहावा.